एका काउंटीतल्या चाळीस शाळा

मी अमेरिकेत बदली शिक्षिका आहे. कुणी शिक्षक आजारी पडला, कुणाला प्रशिक्षणाला जायचं असलं, कुणाच्या घरी बाळ आलं, की त्याचा वर्ग तेवढ्यापुरता माझा. मुलं आम्हाला ‘सब’ म्हणतात. सब आली म्हणजे आज ऑफ तास, हे मी साताऱ्याला शिकवत होते तेव्हा तिथल्या मुलांना जसं न सांगता कळायचं तसंच इथल्याही मुलांना कळतं. सकाळी आठच्या आत ऑफिसात सही करायची, किल्ली आणि फाइल घ्यायची, दिवसभर सहा-सात तास सांभाळायचे आणि तीन वाजता किल्ली परत करून निघायचं. उद्या दुसरी शाळा.

माझी हद्द म्हणजे वॉशिंग्टन डीसीला लागून असलेली मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. वस्ती दहा लाखांवर, सरकारी शाळांतली मुलं सुमारे १,६०,०००, आणि सहावी ते आठवीच्या मिडल स्कूल चाळीस. यातल्या बऱ्याच शाळांच्या स्टाफरूममध्ये मी डबा खाल्ला आहे. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशात, पटेलांच्या दुकानात भाजी निवडतानासुद्धा मला एक प्रश्न हमखास येतो : “काकू, तुम्ही एवढ्या शाळा हिंडता. खरं सांगा, कुठली चांगली?”

विचारणारे बहुधा घर घ्यायच्या बेतात असतात. घराच्या एजंटला ते विचारून चुकलेले असतात आणि एजंटने गोड हसून विषय बदललेला असतो. त्याचंही कारण आहे. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवायला बंदी आहे, आणि ‘तिकडची शाळा चांगली नाही’ या वाक्यात पुष्कळदा शाळेपेक्षा वस्तीबद्दलच बोललेलं असतं. म्हणून एजंट वेबसाइटकडे बोट दाखवतो आणि वेबसाइट दहापैकी एक आकडा दाखवते. मग लोक माझ्याकडे येतात ते आकडा पाठ करूनच. “ती शाळा नऊ आहे, पण घरं परवडत नाहीत. ही पाच आहे. पाच म्हणजे किती वाईट हो?”

आता या प्रश्नातली गंमत बघा. न्यू जर्सीत आपली माणसं राहतात तिथे बहुतेक गावांचा शाळाकारभार वेगळा. गाव बदललं की कर, पगार, शाळेचं बजेट, सगळं बदलतं. मेरीलँडमध्ये तसं नाही. अख्ख्या राज्यात तेवीस काउंट्या आणि बाल्टिमोर शहर मिळून चोवीसच कारभार. म्हणजे माँटगोमेरीतल्या चाळीसही मिडल स्कूलना एकच निवडून आलेलं शिक्षण मंडळ, एकच सुपरिंटेंडंट, एकच पगारश्रेणी, एकच अभ्यासक्रम आणि सारख्याच पिवळ्या बसगाड्या. पोटोमॅकच्या शाळेत गणित शिकवणाऱ्याला व्हीटनच्या शाळेत गणित शिकवणाऱ्यापेक्षा एक डॉलर जास्त मिळत नाही. उलट गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना शिक्षक थोडे अधिक दिले जातात. तरीही एकीला नऊ आणि दुसरीला चार. मग हा फरक आहे कशाचा?

पहिलं उत्तर नकाशात आहे. बहुतेक मुलांची शाळा पत्त्यावरून ठरते. काउंटीच्या नैऋत्येला बेथेस्डा आणि पोटोमॅक : मोठी घरं, वकील, डॉक्टर, सरकारी शास्त्रज्ञ. पूर्वेला सिल्व्हर स्प्रिंग, व्हीटन, अ‍ॅस्पेन हिल : जुन्या अपार्टमेंट, एल साल्वादोर आणि होंडुरासहून आलेली कुटुंबं, इथिओपियाची दुकानं. वर गेदर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, जिथे आपली बरीच मंडळी स्थिरावली आहेत. ही वाटणी आपोआप झालेली नाही. सिल्व्हर स्प्रिंगच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा बडा राजकारणी ई. ब्रूक ली याच्या वसाहतींच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकायला बंदी घालणारी कलमं होती. त्याच्या नावाची मिडल स्कूल माझ्या माहितीच्या शाळांतली एक. २०२१मध्ये तिचं नाव बदलून ओडेसा शॅनन ठेवलं गेलं. या काउंटीत निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, आणि त्या निवडून आल्या होत्या शिक्षण मंडळावरच. रॉकव्हिलमधल्या ज्या इमारतीतून शाळाखात्याचा कारभार अनेक दशकं चालला, तीही मुळात काळ्या मुलांसाठी बांधलेली कार्व्हर हायस्कूल. रंगानुसार वेगळ्या शाळा इथे १९६०च्या आसपासपर्यंत होत्या. म्हणजे शाळांची तुलना करायला बसलं की आपण नकळत जमिनीच्या जुन्या व्यवहारांचीही तुलना करत असतो.

दुसरं उत्तर आकड्याच्या पोटात आहे. घरांच्या वेबसाइटवर दिसणारा एक ते दहामधला आकडा येतो ग्रेटस्कूल्स या १९९८मध्ये सुरू झालेल्या संस्थेकडून. पूर्वी त्यात परीक्षेच्या गुणांचंच राज्य होतं. २०१७मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये त्यांनी कृती बदलून मुलांच्या प्रगतीला अधिक जागा दिली. मेरीलँड सरकार स्वतः डिसेंबर २०१८पासून एक ते पाच तारे देतं. त्या ताऱ्यांत गुण असतात, प्रगती असते, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची वाटचाल असते, गैरहजेरी असते, मुलं आणि शिक्षकांचं सर्वेक्षणही असतं. शेवटी मात्र या सगळ्याचा एकच आकडा होतो, आणि लोक तेवढाच वाचतात.

नुसत्या सरासरी गुणांनी काय घोटाळा होतो हे मी चहाच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर लिहून दाखवते. दोन काल्पनिक शाळा घ्या. पहिलीत शंभरातली ऐंशी मुलं खात्यापित्या घरची, वीस गरीब. खात्यापित्या मुलांपैकी ७० टक्के परीक्षेत पार, गरिबांपैकी २० टक्के. शाळेचा निकाल ६० टक्के. दुसरीत खात्यापित्या घरची तीस, गरीब सत्तर. इथे खात्यापित्यांपैकी ७५ टक्के पार आणि गरिबांपैकी ३० टक्के. म्हणजे दोन्ही गटांना ही शाळा अधिक लाभली. निकाल किती? साडेत्रेचाळीस टक्के. आकडा पाहून तुम्ही पहिल्या शाळेजवळ लाखभर डॉलर जास्त मोजून घर घ्याल आणि तुमचं मूल, ते कुठल्याही गटातलं असो, त्याच्यासारख्या मुलांना कमी जमणाऱ्या शाळेत घालाल. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. आमचे इंजिनिअर जावई हे लगेच मान्य करतात आणि पुन्हा विचारतात, “पण ती नऊ का आहे मग?”

यात नवीन काही नाही. १९६६मध्ये संशोधक जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी करून सांगितलं होतं की शाळाशाळांतल्या गुणांच्या फरकात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा आहे. अलीकडे स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या तिसरी ते आठवीच्या निकालांची मांडणी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. सरासरी गुण घरच्या सुबत्तेला घट्ट चिकटलेले, पण मुलं एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत जाताना किती शिकतात याचा सुबत्तेशी संबंध बराच सैल. शिकागोसारख्या गरीब मुलांच्या शहरात २००९ ते २०१४ या पाच वर्षांत मुलांनी साधारण सहा वर्षांचं शिक्षण गाठलं होतं.

मेरीलँड सरकार दर शाळेचं जे रिपोर्ट कार्ड काढतं, त्यात ही प्रगती वेगळी दिलेली असते. मुलाची तुलना गेल्या वर्षी त्याच्याइतकेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांशी करतात आणि त्यांच्यात तो यंदा कुठे उभा आहे ते पाहतात. मिडल स्कूल पारखायला याहून चांगलं माप नाही. कारण अकराव्या वर्षी मूल शाळेत येतं तेव्हा त्याचं वाचन, त्याचा पाया हे सगळं आधीच ठरलेलं असतं. तीन वर्षांत या शाळेने त्यात किती भर घातली, एवढंच तिच्या खात्यावर मांडता येतं.

हे सगळं मी कागदावरून शिकले, पण पटलं ते वर्गात. पश्चिमेकडच्या एका शाळेत गणिताचा वर्ग घेताना मी फळ्यावर समीकरण लिहिते न लिहिते तोच पाच हात वर. छान वाटतं. मग मधल्या सुट्टीत मुलं बोलताना ऐकू येतं : कुणी कुमॉनच्या शिकवणीला जातं, कुणाला घरी शिकवायला येतात, कुणाचे बाबाच प्राध्यापक. त्या शाळेच्या नऊमध्ये या सगळ्या संध्याकाळच्या शिकवण्यांचे गुण मिसळलेले आहेत, आणि ते शाळेच्या नावावर जमा होतात. शिक्षिका चांगली होतीच. पण ती रजेवर असतानाही वर्ग चाललाच असता.

पूर्वेकडच्या एका शाळेत मी इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या वर्गावर काही आठवडे सलग होते. फेब्रुवारीत अदिस अबाबाहून एक मुलगी आली. गणित तिला पक्कं येत होतं. पूर्णांक, अपूर्णांक, सगळं. पण ‘प्रत्येकी’, ‘उरलेले’, ‘किमान’ असले शब्द इंग्रजीत आले की ती थबकायची. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजीच्या राज्य परीक्षेतून सूट देता येते, गणिताच्या परीक्षेतून नाही. तिने परीक्षा दिली. तिचा निकाल शाळेच्या सरासरीत गेला. शेजारच्या वर्गातली शिक्षिका रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं तिला घेऊन बसायची आणि गणितातले इंग्रजी शब्द घटवून घ्यायची. जूनपर्यंत मुलगी शब्दांची उदाहरणं एकटी सोडवायला लागली. या वीस मिनिटांना त्या वर्षीच्या सरासरीत कुठेच रकाना नव्हता. पुढच्या वर्षीच्या प्रगतीत तो थोडाफार दिसेल, तोही कुणी ते पान उघडलं तर.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. एकाच इमारतीत अनेक शाळा असतात. टाकोमा पार्क मिडल स्कूलमध्ये गणित, विज्ञान आणि संगणकाचा मॅग्नेट कार्यक्रम आहे. ईस्टर्नमध्ये भाषा आणि मानव्यविद्यांचा. तिथे दूरदूरची निवडलेली मुलं बसने येतात आणि आसपासच्या वस्तीतली मुलंही त्याच शाळेत असतात. दोघांची मिळून जी सरासरी निघते, ती कुणाचीच नसते. अ‍ॅस्पेन हिल-व्हीटन भागातल्या अर्गाइल, लॉयडरमन आणि पार्कलँड या तीन शाळांत तर ठरावीक वस्ती नाहीच; त्या भागातली मुलं संगणक, कला किंवा अंतराळ-रोबोटिक्स अशी आवड पाहून निवड करतात. मॅग्नेट नसलेल्या शाळेतही गणिताच्या वेगवेगळ्या पायऱ्या असतात : कुणी आठवीत बीजगणिताला नुकतं भिडतं, तर कुणी ते सातवीतच उरकून भूमितीला बसतं. एकाच दिवशी एकाच शाळेत पहिल्या आणि चौथ्या तासाला मला जो फरक दिसतो, तो नऊ आणि पाचच्या शाळांतल्या फरकाहून मोठा असतो. तेव्हा ‘शाळा कशी आहे’ यापेक्षा ‘माझं मूल त्या शाळेतल्या कुठल्या वर्गात बसेल, आणि खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जायची वाट तिथे उघडी आहे का’ हा प्रश्न जास्त कामाचा.

सब म्हणून माझं स्वतःचं एक मोजमाप तयार झालं आहे. ते रिपोर्ट कार्डात नाही. पहिलं, फाइल. गैरहजर शिक्षकाने आजचा पाठ, मुलांच्या बसायच्या जागा, कुणाला चष्मा विसरायची सवय, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हे लिहून ठेवलं आहे का? दुसरं, शेजार. पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या वर्गातून कुणी डोकावून “काही लागलं तर सांगा” म्हणतं का? तिसरं, घंटा. तास बदलताना आठशे-हजार मुलं एकदम कॉरिडॉरमध्ये येतात. तेव्हा मोठी माणसं दारात उभी असतात की आपापल्या खोलीत? आणि चौथं, चेहरे. दोन वर्षांनी त्याच शाळेत गेले तर तेच शिक्षक भेटतात का? शिक्षक टिकतात तिथे मुलांना ओळखणारी माणसं टिकतात. या चार कसोट्यांवर पास होणाऱ्या शाळा मला काउंटीच्या दोन्ही टोकांना सापडल्या, आणि नापास होणाऱ्याही.

पण याचा अर्थ वस्तीने काही फरक पडत नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. याच काउंटीत १९७४पासून नियम आहे की मोठी वसाहत बांधणाऱ्याने त्यातली काही घरं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवायची, आणि त्यातली काही काउंटीचं गृहनिर्माण प्राधिकरण विकत घेऊन भाड्याने देऊ शकतं. म्हणून काही गरीब मुलं सुखवस्तू वस्तीतल्या शाळांत गेली, काही नाही. संशोधिका हेदर श्वार्ट्झ यांनी अशा साडेआठशेंवर मुलांचा २००१ ते २००७ असा मागोवा घेतला आणि २०१०मध्ये निष्कर्ष मांडला : कुठल्या घरात कोण राहील हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं असताना, कमी गरिबीच्या प्राथमिक शाळांत गेलेली मुलं गणितात आणि वाचनात बरीच पुढे निघाली. म्हणजे सोबत कोण आहे याचा परिणाम होतोच, आणि सर्वांत जास्त होतो तो ज्यांना शाळा निवडताच येत नाही त्यांच्यावर. नऊची शाळा शोधत फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या मुलांच्या घरी पुस्तकं आहेत, इंटरनेट आहे, गृहपाठ पाहणारी आई आहे आणि आई कामात असली तर आजीही येऊन राहते. त्यांना शाळेच्या आकड्याची गरज सर्वांत कमी, आणि काळजी सर्वांत जास्त त्यांनाच.

ही काळजी कुठवर जाते ते २०१९मध्ये पाहिलं. क्लार्क्सबर्ग-जर्मनटाउन भागातल्या शाळांच्या हद्दी बदलायच्या होत्या, शिवाय सगळ्या काउंटीच्या हद्दींचा अभ्यास करायचं चाललं होतं. सभांना तुडुंब गर्दी. बसचा वेळ, मैत्रिणींची ताटातूट, हे प्रश्न खरेच होते. पण पार्किंगमध्ये कानावर पडायचं ते घराच्या किमतीबद्दल, आणि मराठीतही पडायचं. काही मैलांवरच्या, त्याच पगाराच्या, त्याच पुस्तकांच्या शाळेत आपलं मूल जाणार म्हणून लोकांची झोप उडाली होती. त्या शाळेत मी शिकवून आलेली होते. तिथली मुलं काय ते मला माहीत होतं. पण सभेत ज्या शाळेबद्दल लोक बोलत होते ती मला कुठे भेटलीच नव्हती.

साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा आमची पारख शिष्यवृत्ती परीक्षेवरून व्हायची. सातवीची किती मुलं यादीत आली, यावर शाळेचं नाव. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि मार्चमध्ये परतलेली मुलं जिच्या वर्गात असायची, त्या बाईंचं नाव यादीवरून कधीच निघालं नाही. त्यांची मुलं परत येऊन पुन्हा शाळेत बसायची, हाच त्यांचा निकाल होता. इथल्या रिपोर्ट कार्डात निदान गैरहजेरीचा रकाना तरी आहे : वर्षाच्या १८० दिवसांतले दहा टक्के, म्हणजे अठरा दिवस बुडवले की मूल ‘दीर्घकालीन गैरहजर’ धरतात. मी तो रकाना गुणांच्या आधी वाचते. मुलांना शाळेत यावंसं वाटतं का, हे त्यात कळतं.

तेव्हा आता मला कुणी “कुठली चांगली?” विचारलं, तर मी रिपोर्ट कार्ड कसं वाचायचं ते सांगते. सरासरी सोडा, आपल्या मुलासारख्या मुलांची ओळ काढा. तिथे तारांकन असेल तर त्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत, घाबरू नका. ‘आशियाई’ म्हणून जो गट दिसतो त्यात बंगळुरूच्या इंजिनिअरची मुलगी आणि व्हिएतनामी कामगाराचा मुलगा एकत्र असतात, हे ध्यानात ठेवा. मोफत जेवणाच्या टक्केवारीवरून शाळेची गरिबी मोजणार असाल, तर काही शाळांत आता फॉर्म न भरताच सगळ्यांना जेवण मिळतं, त्यामुळे तो आकडाही जपून वाचा. मग प्रगती पाहा, मग गैरहजेरी. आणि शाळेत फोन करून तीन गोष्टी विचारा : गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, सहावीत गणिताच्या खालच्या वर्गात असलेलं मूल आठवीपर्यंत वर कसं चढतं, आणि मधेच आलेल्या नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोण भेटतं.

परवा असंच एका जोडप्याला सांगत होते. मुलगी पाचवीत. नवरा फोनवर टिपून घेत होता. बायको म्हणाली, “काकू, हे सगळं विचारलं, उत्तरं चांगली मिळाली, आणि शाळा पाचच असली तर?”

“तर घर घ्या,” मी म्हटलं, “आणि उरलेल्या पैशांत मुलीला व्हायोलिन लावा.”

त्यांनी घर कुठे घेतलं ते मला अजून कळलेलं नाही. पण तिने फोन करून तिसरा प्रश्न दोन शाळांना विचारला म्हणे. एकीने ऑफिसचा नंबर दिला. दुसरीने समुपदेशिकेचं नाव सांगितलं, आणि तिच्याबरोबर मुलीला दोन दिवस शाळा फिरवून दाखवणाऱ्या आठवीतल्या विद्यार्थिनीचंही. वेबसाइटवर दोन्ही शाळांचा आकडा सारखाच होता.